काळकुसळाची कणगी

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. कणगी म्हणजे काय, हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसणार, आणि त्यात तुमचा दोष नाही. धान्य साठवायची मोठी, पोट सुटलेली टोपली म्हणजे कणगी. तळेघरच्या एका घरात, चुलीमागच्या कोपऱ्यात मी एकतीस वर्षं उभी होते.

मला रखमाजीने कारवीच्या काठ्यांनी विणलं आणि त्याच्या बायकोने, ठकूबाईने, शेणमातीने लिंपलं. रखमाजी थट्टेखोर माणूस. "लई पोट सुटलंय हिचं," तो म्हणाला. ठकूबाई म्हणाली, "सुटू द्या. भरायचंय कुणाला? मलाच ना!"

माझ्या शेजारी आणखी दोन कणग्या होत्या. त्यांच्यातलं भात वर्षभर खायला. माझ्यात मात्र फक्त बी, आणि तेही काळकुसळाचं. काळकुसळ हे आमच्याकडचं जुनं भात. त्याच्या दाण्याला लांब काळं कुसळ असतं. ते तोंडात टोचतं म्हणून रानडुकरं त्या खाचराकडे फिरकत नसत. पिकायचं थोडं, पण शिजलं की वास चार घरं जायचा.

ठकूबाईची एक रीत होती. मळणी झाली की ती सर्वांत भरदार लोंब्यांचं बी राख आणि निरगुडीचा पाला घालून माझ्यात भरायची आणि माझं तोंड शेणाने बंद करायची. ते राब भाजून, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून झाल्यावर, पेरणीच्या दिवशीच उघडायचं, आणि तेही तिनेच. एका वर्षी आषाढात घरात खायला दाणा नव्हता. पोरांना नाचणीची आंबील पाजली, पण पेरून उरलेल्या बियाला तिने हात लावू दिला नाही. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. सोन्याची पेटी सांभाळणारीनेही इतका तोरा मिरवला नसेल.

मग दिवस बदलले. जास्त पिकणारं बी पिशवीतून येऊ लागलं. एकेका घरातून काळकुसळ गेलं. रखमाजी गेला. शेजारच्या दोन कणग्या रिकाम्या झाल्या, त्यांत कोंबड्या अंडी घालू लागल्या. थोरला गोरख पारगावला नोकरीला गेला. ठकूबाई एकटी, एकाच खाचरात, काळकुसळ लावत राहिली. एकदा शहरातून काही मंडळी आली. त्यांनी तिला माझ्या शेजारी उभं करून भरपूर फोटो काढले. ती म्हणाली, "फोटू कशाला? मूठभर बी न्या, पेरा." ते हसले आणि गेले. बी कुणीच नेलं नाही.

तिची लेक वैजयंती डोंगरापलीकडच्या गावात दिलेली. गेल्या माघात ती माहेरी आली, तेव्हा ठकूबाईने तिचा हात माझ्या अंगावर ठेवला. "माज्यामागं हे बी तू न्यायचं. आता दुसऱ्या कुणाकडंच नाय. हे गेलं म्हंजी गेलंच."

"न्हेते की. पर एवढ्यात कुठं निघालीस?" वैजयंती म्हणाली.

वैशाखात ठकूबाई गेली.

अग्नी देऊन झाला. तिच्या सासरी गोठ्यात गाय व्यायला झालेली, म्हणून वैजयंतीला परत जावं लागलं. दहाव्याला येईन म्हणून ती गेली. बियाचा विषय त्या रडारडीत निघालाच नाही. नवव्या दिवशी गोरख चुलीपाशी येऊन उभा राहिला. दहाव्याला मेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधतात. त्याला आईचा आवडता भात करायचा होता, नुसता पिंडापुरता नाही, आलेल्या प्रत्येकाला एक एक घास.

शेजारची झुंबरबाई म्हणाली, "गोरख, बियाचं नाय ना रं ते?"

"बी आता समदी दुकानातनंच आणत्यात, काकी. खायाचंच असंल."

त्याने विळ्याच्या मुठीने माझं तोंड फोडलं. मी ओरडले असते, पण टोपलीला कुठला आवाज? माझं पोट तळापर्यंत पोत्यात ओतलं गेलं. मोटारसायकलवरून पोतं भात कांडायच्या गिरणीत गेलं. त्याने हे प्रेमापोटी केलं, म्हणून मला त्याचा धड रागही धरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. माणसं समाधानाने घरी आली. "म्हातारीची काय बी इच्छा ऱ्हायली नाय," असं जो तो म्हणत होता.

वैजयंतीची एसटी आलीच नव्हती. ती डोंगर चालून दुपारी पोचली, काखेत रिकामी पिशवी. पंगत बसली होती. दारातच तिला वास आला. ती पंगतीतून वाट काढत थेट माझ्याकडे आली आणि खांद्यापर्यंत हात माझ्यात घातला. हाताला राख लागली.

"दादा, हे बी व्हतं!"

गोरखच्या हातातली पळी तशीच राहिली. "मला काय म्हाईत? मला कुणी सांगितलं व्हतं?"

"तू इचारलं कवा?"

पुढचे दोन दिवस वैजयंती आसपासच्या वाड्यांवर घरोघर फिरली. काळकुसळाचा दाणा कुठेच मिळाला नाही. मग बहीणभावांनी मला उचलून अंगणात आणलं. माझं लिंपण सोललं, काठी न् काठी सुटी केली. काठ्यांच्या फटींतून आणि लिंपणाखालून एकोणीस दाणे निघाले. वैजयंतीने ते पदराला बांधले. गोरख म्हणाला, "उगवत्याल गं." आणि ती पहिल्यांदा थोडी हसली.

मित्रांनो, ते दाणे आठ-दहा वर्षांपूर्वीचे आहेत. दरवर्षीच्या लिंपणाखाली अडकून मेलेले. हे मला ठाऊक आहे. ती राब भाजील, पाणी घालील, रोज वाकून बघील.

तुमच्याही घरात, मडक्यात किंवा जुन्या डब्यात कुणी काही जपत असेल. ते काय आहे आणि कशासाठी आहे, हे त्या माणसाला आज जाऊन विचारा. तो माणूस अजून सांगू शकतो.