शेजारी आलेला नवा रडार

मित्रांनो, टेकडीवरच्या लोखंडी मनोऱ्यावर भली मोठी परात आभाळाकडे करून बसलेला मी एक जुना रडार आहे. पंचवीस वर्षे मी ढगांकडे लहरी पाठवल्या आणि परत येणाऱ्या लहरींवरून कुठे पाऊस, कुठे गारा, ते सांगितले.

माझी देखभाल एक मेकॅनिक करीत. माझ्या गिअरचा आवाज जरा बदलला, की त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यांची मुलगी माझ्याच पडद्यावर ढग ओळखायला शिकली. पुढे ती शास्त्रज्ञ होऊन आमच्याच केंद्रात आली, तेव्हा माझा ऊर भरून आला. पण तिच्या पाठोपाठ ट्रकमधून नवा रडार आला आणि माझ्या शेजारीच उभा राहिला.

तेव्हापासून माझ्या पोटात दुखू लागले. पांढराशुभ्र, गुळगुळीत, फिरताना हूं नाही की चूं नाही! माझ्या लहरी फक्त आडव्या डोलतात, त्याच्या आडव्याही आणि उभ्याही. त्यामुळे ढगातले बर्फाचे बारीक स्फटिक आडवे आहेत की उभे, हेसुद्धा त्याला कळे.

"बाबा, बघा ना," मुलगी कौतुकाने सांगे, "एरवी हे स्फटिक आडवे तरंगतात. ढगात वीज साठली, की तिच्या ओढीने उभे राहतात. वीज चमकली, की पुन्हा आडवे!"

पाहुणे त्यालाच बघत. मला फार तर 'हा जुना' म्हणत. मनात येई, याचा एखादा स्क्रू तरी ढिला व्हावा!

मेकॅनिक मात्र माझेच होते. "नव्याचे नऊ दिवस रे," ते मला सांगत आणि मी सुखावून जाई.

एका दुपारी ते ग्रीस भरायला मनोऱ्यावर चढले. मला बंद करण्याआधी त्यांनी पडद्यावर नजर टाकली होती. जोराचा पाऊस दूर होता. तेवढ्यात मुलगी खालच्या खोलीतून धावत बाहेर आली.

"बाबा, खाली उतरा! वरच्या ढगात स्फटिक उभे राहायला लागलेत."

"अगं, पाऊस लांब आहे अजून. आमच्या म्हाताऱ्याने आत्ताच दाखवलं. दोन बोल्ट राहिलेत."

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला आनंद झाला. नव्या रडारचा शब्द खाली पडला होता, माझा राहिला होता!

मुलगी वाद घालत बसली नाही. तिने सरळ शिडीवर पाय ठेवला. "तुम्ही येत नसाल, तर मी वर येते."

पाना तिथेच टाकून, तिच्यावर ओरडत ओरडत ते उतरले. दोघांनी खोलीत शिरून दार लावले न लावले, तोच वीज माझ्यावर कोसळली. मनोऱ्याच्या वीजरोधक तारेने बरीचशी जमिनीत नेली, तरी माझ्या मोटारीचा कोळसा झाला. वर मेकॅनिक जिथे उभे होते, तिथला रंगही करपून उडाला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आधी नव्या रडारकडे गेले. खिशातल्या फडक्याने त्याच्या यंत्रपेटीचे दार पुसत म्हणाले, "राजा, उपकार झाले तुझे."

राजा! इतक्या वर्षांत मला कधी राजा म्हटले नव्हते. मी पुन्हा एकदा जळालो. पण पुसणारा तो हात शाबूत होता, आणि तो त्याने वाचवला होता, मी नव्हे.

माझी दुरुस्ती होईल की मी भंगारात जाईन, ते अजून ठरायचे आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा. पण आभाळ गरजू लागले आणि कुणी 'खाली ये' म्हणाले, तर आमच्या मायेपोटी वर थांबू नका. आम्हांला नवी मोटार मिळते.