कण्हणारा ट्रक

कुलूपकाकांचा दिवस दुकानाचं शटर वर करून सुरू व्हायचा आणि गिधाडाला शिव्या घालत पुढे सरकायचा. गिधाड म्हणजे शेअरवाल्यांच्या फोरमवरचा एक शॉर्टवाला. शेअर पडला की ज्यांची चांदी होते, ती ही जमात. काकांकडे कुलपं बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर होते आणि गिधाड रोज लिहायचं, 'ही कंपनी फ्रॉड आहे. कुलपं विकली जातात ती फक्त कागदावर.'

काकांच्या दुकानात त्याच कंपनीच्या कुलपांची खोकी छतापर्यंत रचलेली. त्यांनी फोटो टाकला. "हा कागद आहे का रे? एक घे आणि डोक्यात मारून बघ."

"कंपनी किती देते, काका?" गिधाडाचं उत्तर. खाली हसऱ्या तोंडांची रांग.

बिलं दाखवली, तर बिलं खोटी. गिऱ्हाइकाचा व्हिडिओ टाकला, तर म्हणे हा काकांचा मेव्हणा. (होता मेव्हणाच, ते सोडा.)

काका एकट्या स्वतःसाठी भांडत नव्हते. त्यांच्या शब्दावर थोरल्या बहिणीनं, ताईनं, निवृत्तीचे पैसे त्याच शेअरात घातले होते. ताईचे गुडघे गेलेले, घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शेअर वाढला की तळमजल्यावर जागा घ्यायची, असं ठरलेलं.

शेवटी काकांचं टाळकं सरकलं. आणि टाळकं सरकलं की हा माणूस खोडीवर उतरायचा. शेजारच्या न्हाव्याच्या खुर्चीखाली भोंगा बसवणारा तोच. त्यांनी 'रात्रपाळी' नावानं दुसरं खातं उघडलं आणि गिधाडाला खासगी मेसेज धाडला:

'मी कंपनीच्या गेटवरचा वॉचमन. ट्रक रिकामी खोकी घेऊन पुढच्या गेटनं जातात, मागच्या गेटनं परत येतात. माल जड वाटावा म्हणून चढावर ड्रायव्हरला मोठ्यानं कण्हायला सांगितलंय.'

ट्रक चढतोय आणि ड्रायव्हर कण्हतोय! गिधाडानं हे गिळलं की सगळ्यांसमोर त्याची पिसं काढायची. काका गल्ल्यावर एकटेच खिदळले.

गिधाडानं गिळलं. कण्हणं तेवढं थुंकून टाकलं आणि बाकीचं 'आतल्या माणसाची साक्ष' म्हणून ठळक अक्षरांत छापलं.

शेअर धाडकन आपटला.

"अरे, तो वॉचमन मीच!" काकांनी बोंब ठोकली. मेसेजचा फोटो टाकला. "कण्हणं कुठं गेलं, विचारा त्याला!"

"कंपनीनं बिचाऱ्याला गप्प केलं," गिधाड म्हणालं, "आणि त्याचं खातं काकांच्या हातात दिलं."

"वॉचमनदादा, जिवाला जपा," खाली कुणीतरी लिहिलं.

काकांनी शटर ओढलं आणि ताईचं घर गाठलं. ताई खालीच जिन्याच्या पायरीवर टेकलेली, शेजारी बाजाराची पिशवी.

"ताई, शेअरला हात लावू नकोस हं!"

"फोरमवर वाचलं आणि सकाळीच विकले."

"अगं, मला न विचारता?"

"विचारूनच तर घेतले होते. तो वॉचमन नोकरीवर पाणी सोडून बोलला रे. त्याला काय मिळणार होतं खोटं बोलून?"

"ताई, तो वॉचमन मी आहे!"

"हो. आणि माझ्या दप्तरातला बेडूक स्वतः चालत आला होता."

काकांनी मोबाइल पुढे धरला. ताईनं चष्मा लावून मेसेज वाचला. कण्हण्यापाशी थांबली. तिचा ओठ हलला. काकांना वाटलं, हसतेय.

"हे तूच लिहिलंयस," ती म्हणाली. "म्हणजे कुलपं खरी होती."

"खरी होती गं."

"आणि मी तुझ्या थापेवर विकले."

काकांनी मोबाइल खिशात टाकला.

"पिशवी घे," ताई म्हणाली आणि कठड्याला धरून उठली.

ती पुढे, एकेका पायरीवर थांबत. मागे काका, बटाट्यांची पिशवी या हातातून त्या हातात करत. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या तोंडून कण्हणं निघालं.

ताई थांबली. मागे वळली नाही.

"माल जड आहे, की मुद्दाम?"

"खरंच जड आहे गं, ताई."

"गिधाडाला सांग," ताई म्हणाली आणि पुढची पायरी चढली.