चार वेळा उसवलेला

मी एक स्वेटर बोलतोय. राखाडी, जाडजूड, गळ्यापाशी जरा विचित्र. हसू नका, त्या गळ्याचीच तर सगळी गोष्ट आहे. आणि मी एकदा सुरू झालो की थांबत नाही, आधीच सांगून ठेवतो!

माझी लोकर आउस्ग्रीमुरच्या मेंढ्यांची. उत्तरेकडच्या खोऱ्यात त्याच्या एकशे दहा मेंढ्या. गिरणीत मला धुतलं, पिंजलं आणि पीळ न देताच चकत्यांसारखं गुंडाळलं. आइसलँडमध्ये अशीच लोकर आवडते, हलकी, ऊबदार. फक्त तिच्यात ताकद कमी. एकदा विणा, वर्षानुवर्षं टिकते. परत परत उसवा, विरून जाते. इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा हे माहीत असतं. हाल्बेरालाही होतं, बरं का!

हाल्बेरा म्हणजे आउस्ग्रीमुरची मुलगी. रेकयाविकमध्ये दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, एकटी राहते. जानेवारीत तिला बाबाचा फोन आला.

"पोरी, गुडघे गेले माझे. या सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून उतरवायच्या आणि सरळ ट्रकमध्ये चढवायच्या. संपलं."

"बाबा, अरे..."

"रडका सूर काढू नकोस. तुझ्या आईने विणलेल्या स्वेटरची कोपरं गेलीत. शेवटच्या दिवशी मला नवीन घालायचाय. लोकर पाठवतोय."

हा माणूस जेवताना मीठसुद्धा कुणाला मागत नाही, उठून घेतो. त्याने स्वेटर मागितला! कळतंय ना, केवढी गोष्ट आहे?

आणि काय विणायची ती! कॉफी गार, टीव्ही आपला एकटाच बडबडतोय, सुया चालूच. मार्चपर्यंत माझं धड झालं, बाह्या झाल्या, गळ्याभोवतीची नक्षीही झाली. मी खूश. तीही खूश. आणि त्याच खुशीत तिने माझा फोटो टाकला.

एकोणीस लाइक.

तासाभराने सिल्लाने तिचा टाकला. सिल्ला शाळेत हिच्याच बाकावर बसायची. काळ्या खडकांवर पसरलेला स्वेटर, मागे समुद्र, नक्षी अशी की जणू छापलीय. अडीच हजार. हाल्बेराने बोटांनी तो फोटो मोठा केला, मग मला उचलून दिव्याखाली धरलं, परत फोटो.

"तिच्यापुढे हे म्हणजे बटाट्याचं पोतं!" ती म्हणाली. आणि ओढला धागा.

मला दुखलं का विचारू नका. ते कुणी विचारतच नाही.

दुसऱ्यांदा मे महिन्यात. नवी नक्षी पूर्ण होत आली होती, तेवढ्यात सिल्लाचा पाच रंगांचा आला. तिसऱ्यांदा जूनमध्ये, आणि हे ऐका, तेव्हा तर ती फोटो टाकतही नव्हती! कुणी बघत नव्हतं, कुणी मोजत नव्हतं. तरी उसवला. आता सिल्ला तिच्या डोक्यातच राहायला आली होती, भाडं न देता.

बाबाचा दर रविवारी फोन.

"झाला का?"

"होतोय. मस्त होतोय, बघच तू."

"मस्त नको. मला मोठा हवाय. पोट सुटलंय."

ऑगस्ट संपता संपता चौथ्यांदा. वरून चारच बोटं विणायची राहिली होती हो! चारच! तेव्हा मात्र मी तुटलो. ती ओढायला गेली आणि हातात नुसते पुंजके आले. ती जमिनीवर बसून ते पुंजके बोटांवर गुंडाळत राहिली. मला दया आली असं म्हणायला हवं ना? नाही आली.

मेंढ्या उतरवायचा शनिवार आला. मी पिशवीत, पिशवी गाडीत, खिडकी उघडी. बाहेर गोल मेंढवाडा, हजारो मेंढ्यांचा कालवा. जो तो कानावरची खूण तपासून आपापली मेंढी ओढतोय, मधेच कुणी गाणं लावतंय. आउस्ग्रीमुर नारिंगी प्लॅस्टिकचं जाकीट घालून लंगडत आला.

"कुठाय माझा?"

तिने मला बाहेर काढलं. त्याने मला उलटं केलं, सुलटं केलं.

"याला गळाच नाही."

"नक्षी नीट येत नव्हती, बाबा."

"कुणाला दाखवायची होती? मेंढ्यांना?"

त्याने माझी घडी घातली, अगदी नीट, आणि परत पिशवीत ठेवली. "थांब, माझ्या राहिल्यात अजून," म्हणाला आणि गेला. त्याची शेवटची मेंढी ट्रकमध्ये चढली, तेव्हा पाऊस त्या प्लॅस्टिकवर टपटप वाजत होता. नव्या स्वेटरवर पाऊस वाजत नाही. ते मला त्या दिवशी त्याच्या अंगावर बसून कळायला हवं होतं.

ऑक्टोबरात ती रजा टाकून बाबाकडे आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझे पुंजके मांडले. बाबाने दोन तुकडे उचलले, टोकं एकमेकांवर ठेवली, तळहातावर थुंकला आणि खसाखसा चोळलं. जुळलं!

"ई, बाबा!"

"तुझी आई असंच करायची. थुंक."

थुंकली. नऊ दिवस दोघं थुंकत होते. लोकर पुरणार नव्हती, म्हणून नक्षी नाहीच. कुठे जाड, कुठे पातळ, एका बाजूला तर चक्क गाठ. सातव्या दिवशी तिचा फोन वाजला. सिल्लाचा नवा स्वेटर. हाल्बेराने नीट बघितला.

"सुंदर विणलाय," ती म्हणाली. फोन पालथा ठेवला आणि माझे टाके मोजायला लागली. एकशे चार. बरोबर होते.

शिकली हो पोरगी. मनापासून सांगतो, शिकली. पण गोठा रिकामा झाल्यावर शिकली, त्याचं मी काय करू?

आता मी आउस्ग्रीमुरच्या अंगावर असतो. पोटावर बसतो, गळ्याला टोचतो. परवा पेट्रोल पंपावर शेजारी म्हणाला, "वा! नवा?"

"हो," आउस्ग्रीमुर म्हणाला. "उशिरा आला."

एवढंच बोलला आणि कॉफी घेतली. खरंच होतं.

तुमच्या सुईवर आत्ता कुणासाठी काही अर्धं असेल, तर बाई, दादा, ते उसवू नका. वाकडं असलं तरी पूर्ण करा आणि नेऊन द्या. ज्याच्यासाठी विणताय, त्याला आज थंडी वाजतेय.