डावा तळहात

पाण्याच्या पेल्यात, तळाशी, एक दात.

गेवराईच्या बसस्टँडमागे, मेडिकलवरच्या खोलीत, भिंतीला चिकटवलेला कागद: राग ही लाट असते. येते, जाते.

तांब्याला पोचा.

दांडा जळालेलं उलथनं. तेलगावच्या घरात ते कुणी वापरत नाही आणि कुणी टाकतही नाही.

बेलाचं पान, पालथं.

मूठ. उघडत नाही.

ही सगळी चीजवस्त एकाच बाईची, आणि एकाच आठवड्यातली.

बाईचं नाव शिवांजली. मेडिकलवरच्या खोलीत ती समुपदेशन करायची. गावात तिला डोक्याच्या मॅडम म्हणत. मारणारे आणि मार खाणारे, दोघेही तिच्यासमोरच्या त्याच खुर्चीत बसून जात. ती त्यांना श्वास घ्यायला शिकवायची, लाटेचं सांगायची. लोक ऐकायचे. तिचं स्वतःचं मात्र एकच भय होतं आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. बापाचा हात आपल्याच खांद्याला लागलेला आहे, आणि एक दिवस तो उठेल.

बाप म्हणजे शिवलिंगआप्पा, तेलगावचे किराणा दुकानदार. घर लिंगायताचं. रोज सकाळी आप्पा गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर ठेवायचे, पाणी, विभूती, बेल, आणि मग लिंगाच्या त्या काळ्या थेंबाकडे अशी नजर लावून बसायचे की दारात गिऱ्हाईक हाका मारून थकावं. पूजा उरकली की लिंग परत गळ्यात. आणि रिकामा झालेला तोच डावा हात आईवर पडायचा. भाजी अळणी म्हणून, गिऱ्हाईकाशी हसून बोलली म्हणून, किंवा काहीच नाही म्हणून. अशाच एका थोबाडीत आईचा, गंगासागरबाईंचा, उजवा कान गेला. शिवांजली शिकायला बाहेर पडली त्या दिवशी तिनं आपलं लिंग गळ्यातून काढलं आणि कंपासपेटीत टाकलं. ज्या हातावर देव बसतो तोच हात असा, तर देव तरी कसला, असा तिचा सरळ हिशेब.

हात. डावा. तिचाही डावाच चालायचा.

मंगळवार. समोर युवराज. वाळूचा टिप्पर चालवायचा. त्याची बायको करिष्मा मोडका हात घेऊन आष्टीला माहेरी गेली होती, आणि मॅडमकडे जाल तरच परत येईन अशी तिची अट होती. म्हणून तो यायचा, वेळेवर यायचा, श्वासही घ्यायचा. त्या दिवशी शिवांजलीनं त्याला हात कसा मोडला ते विचारलं. त्यानं सांगितलं. करिष्माचा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं.

"जोरात न्हाई लावलं, मॅडम. दमानं लावलं. दमानं लावल्यावर लई येळ वाजतंय."

असं म्हणून तो तिचं तोंड बघत राहिला. तिथं काय उमटतं ते बघायला.

टेबलावर पाण्याचा तांब्या होता.

तो तिनं उचलला कधी ते तिला कळलं नाही. लागल्याचा आवाज आला, मग फरशीवर काहीतरी टिकटिकत गेलं, मग रक्त. युवराज खुर्चीसकट कलंडला. उठला तेव्हा हनुवटीवरून लाळ आणि रक्त ओघळत होतं आणि तो हसत होता.

"लाट आलती का, मॅडम?"

तो खाली उतरून गेला. दात राहिला. बसवता येईल या वेड्या आशेनं तिनं तो पेल्यात टाकला. आणि मग, दाराला कडी घालताना, तिला ते जाणवलं. बरं वाटत होतं. दंडापासून बोटांपर्यंत, उन्हात बसल्यासारखं बरं. तिनं कडीवर कपाळ टेकलं आणि भडाभडा ओकली.

एसटी धरून ती तेलगावला आली.

घरात आप्पा खुर्चीत. अर्धांगवायूनं डावी बाजू गेलेली, तोंड एकीकडे उतरलेलं, बोलणं म्हणजे नुसता हुंकार. डाव्या हाताची मूठ वळलेली, दगडासारखी. आता लिंग ठेवायचं तर तळहात पाहिजे. म्हणून गंगासागरबाई रोज सकाळी कोमट तिळाच्या तेलानं ती मूठ उघडायच्या. ज्या मुठीनं कान घेतला ती मूठ. शिवांजलीनं हे आजवर लांबूनच ऐकलं होतं, आणि ऐकूनच तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दुसऱ्या दिवशी आईला भाचीच्या हळदीला माजलगावला जायचं होतं. पूजा तेवढी कर म्हणाली. निघताना दारातून सांगून गेली, "वढू नको. करंगळीपसून सुरू कर, तेल मुरू दे. मूठ आपली आपण सुटती."

शिवांजलीनं तेल घेतलं नाही.

करंगळी धरली आणि मागे नेली. आप्पांनी तिच्याकडे बघितलं. तिनं आणखी नेली. जिथं थांबायचं ती जागा तिला बोटात स्पष्ट कळली, आणि ती पुढे गेली. दमानं.

तुराटी मोडावी तसा आवाज झाला.

आप्पांच्या एका डोळ्यातून पाणी आलं, ते उतरल्या गालावरून वाकडं वाहत गेलं. तिनं मग बाकीची बोटं उपसून काढल्यासारखी उघडली, आणि आतला तळहात पहिल्यांदा पाहिला. आजवर तो तिनं आईवर येताना पाहिला होता, नाहीतर लिंगाखाली झाकलेला. मधोमध डाग होता. जुना, पांढुरका, चपटा, एका टोकाला रुंद. उलथन्याचा.

ती जमिनीवर बसली.

मग उठून तेल कोमट केलं. मोडकं बोट सोडून बाकीची एकेक चोळली. मूठ पुन्हा वळू लागली तेव्हा तिनं ती खालून आपल्या डाव्या हातात धरून ठेवली. लिंग ठेवलं, पाणी, विभूती. बेलाचं पान घाईत पालथं पडलं, तिनं ते राहू दिलं. करंगळी निळी होत चालली होती. दोघंही त्या काळ्या थेंबाकडे बघत राहिली, कारण दुसरीकडे कुठं बघवत नव्हतं.

मग तिनं गाडी करून आप्पांना डॉक्टरकडे नेलं. पट्टी बांधताना डॉक्टरनं पडले का म्हणून विचारलं. तिनं नाही म्हणून सांगितलं.

आई दिवस मावळायच्या आत परतली. शिवांजली दारातच म्हणाली, "करंगळी मी मोडली. चुकून न्हाई."

गंगासागरबाईंनी डावा कान पुढे केला. तिला ते पुन्हा म्हणावं लागलं.

आईनं आप्पांचा पट्टीचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "हे डाव्यानं जेवायचे ल्हानपनी. लिंग ठिवायचा हात उष्टा करतो म्हनून तेंच्या बापानं उलथनं तापवून लावलं."

"म्हणून तुला मारलं?"

"ते मला ठावं न्हाई. तुमच्या पुस्तकात जोडतेत आसं. मला चटका लागला तर मी कुनाला मारलं न्हाई."

"मग रोज त्यांची मूठ कशापायी उघडतीस? माफ केलंस का?"

"माफीचं काय त्यात," आई म्हणाली. "न्हाई उघडली तर नखं आत रुततेत. वास येतो."

गेवराईला परतल्यावर शिवांजलीनं कंपासपेटी शोधली. सकाळी लिंग तळहातावर ठेवलं. दिसलं काही नाही. हाताला घाम आला, खांदा भरून आला. पण तेवढा वेळ तो हात कुठं जाऊ शकत नव्हता, एवढं खरं. दुसऱ्या दिवशीही तिनं ठेवलं.

मंगळवारी युवराज आला, ओठ सुजलेला. तिनं त्याला सांगितलं की तिनं केलं तो गुन्हा आहे, यापुढे ती त्याला बघणार नाही, बीडच्या एका समुपदेशकाकडे त्यानं जावं. आणि करिष्माच्या माहेरी तिनं कळवलंय, पोरीला इतक्यात धाडू नका.

त्यानं टेबलावरून हात टाकून तिच्या कानशिलात दिली. डोळ्यांपुढं काजवे. दुसरी दिली. तोंडात लोखंडाची चव आली. तांब्या हाताशीच होता, पोचा तिच्याकडे करून. तिचा डावा हात टेबलावर उताणा पडला होता. बोटं आत वळत होती, आणि शिवांजली ती करंगळीपासून एकेक उघडत होती.

युवराज वाट बघत उभा राहिला. मग त्यानं पेल्यात बोटं घालून आपला दात काढला, खिशात टाकला आणि जिना उतरून गेला.

तिनं तोंड धुतलं आणि पोलीस ठाण्यात गेली. दोन तक्रारी सांगितल्या. एक त्याच्यावर, एक स्वतःवर.

शिवांजली दुसरीत असताना, डाव्या हातानं लिहिते म्हणून मास्तरांनी तिच्या बोटांवर पट्टी मारली होती, आणि शिवलिंगआप्पांनी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्या मास्तरांचं मनगट मोडलं होतं.