साबणाच्या खणातल्या बायका

मित्रांनो, मी एक जुनी कार्डपेटी आहे. पेटी म्हटलं म्हणून दागिन्यांची डबी डोळ्यांसमोर आणू नका. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघराच्या जिन्यापाशी भिंतीला पाठ टेकून उभं असलेलं माणसाच्या उंचीचं धूड म्हणजे मी. अंगभर लहान लहान खण, प्रत्येक खणाला पितळी कडी, कडीवर अक्षराची चिठ्ठी. खणात कार्डं, आणि ती सांडू नयेत म्हणून त्यांच्या तळाच्या भोकांतून ओवलेली एक सळई. कुठलं पुस्तक कुठल्या मांडणीवर आहे, ते या कार्डांवर लिहिलेलं; याच कार्डांना मिळून तालिका म्हणतात. संगणक आला नव्हता तेव्हा मला विचारल्याशिवाय इथलं पुस्तक कुणाच्या हाती लागत नसे.

सुतारानं मला इतकं मापात घडवलं होतं, की एक खण आत लोटला की आतल्या हवेनं शेजारचा थोडासा बाहेर यायचा. लोक हसायचे. म्हणायचे, एकीला गप्प केलं की दुसरी बोलते. मलाही त्याचा गर्व होता. आज वाटतं, बोलायचं तेव्हा मात्र माझी दातखीळ बसली.

माझी कार्डं लिहायचे शिक्केकाका. प्रत्येक पुस्तकावर शिक्का मारताना ते जीभ दाताखाली धरायचे, म्हणून हे नाव. अक्षर मोत्यासारखं. पुस्तकांचे ढीग येत आणि काका एकटे. पुस्तकं वाचत बसलो तर म्हातारपण इथंच काढावं लागेल, असं ते म्हणायचे. म्हणून ते मुखपृष्ठ बघत, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवत आणि विषय ठरवून मोकळे होत. माणूस वाईट नव्हता. घरी दोन मुली होत्या, त्यांच्यावर जीव टाकायचे. तरी ‘स’च्या खणात त्यांनी एक कार्ड लिहून ठेवलं होतं : ‘स्त्रिया. पाहा : गृहशास्त्र, विवाह, बालसंगोपन.’ बस्स, एवढंच. बायकांना शोधत आलेल्या माणसाला मी या तीन दारांकडे पाठवायची, आणि खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एक दिवस एक बारीक पुस्तक आलं. नाव ‘सोडा आणि साबण’. लेखकाच्या जागी नुसतं ‘एक कामकरी’. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात राबणाऱ्या बायकांबद्दल त्यांच्यातल्याच एकीनं ते लिहिलं होतं. काका त्या दिवशी घाईत होते. त्यांनी नाव वाचलं आणि विषय लिहिला, ‘रसायन उद्योग : साबण’. एक कार्ड पुस्तकाच्या नावानं ‘स’मध्ये गेलं, एक विषयाच्या नावानं ‘र’मध्ये. साबणाच्या कारखान्यांच्या दोन जाडजूड ग्रंथांमध्ये ते पुस्तक जाऊन बसलं. त्या बायका साबणात बुडाल्या म्हणा ना.

त्यानंतर काही वर्षांनी दोन वेण्यांची एक विद्यार्थिनी आली. तिला धुलाईघरातल्या बायकांवर लिहायचं होतं. तिनं ‘स्त्रिया’ पाहिलं, ‘कामगार’ पाहिलं, ‘धुलाई’ही पाहिलं. तिथं शाईचे आणि तेलाचे डाग कसे काढावेत याची पुस्तकं. बरेच दिवस ती येत राहिली. खण बंद करताना ती कडीला हात लावायची नाही. हाताची पालथी बाजू टेकवून, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसा लोटायची. शेवटी तिनं काकांना विचारलं. काका मायेनं म्हणाले, “बाळ, तालिकेत नाही म्हणजे ग्रंथालयात नाही. आणि ग्रंथालयात नाही म्हणजे कुणी लिहिलंच नाही.”

माझ्याबद्दल इतकं मोठं बोलणारं कुणी भेटलं नव्हतं. मी सुखावले. ती मुलगी मान खाली घालून निघून गेली, आणि मी सुखावले.

मग संगणक आला. दोन पोरं माझा एकेक खण उघडून कार्डं टंकत बसली. जे लिहिलंय तेच उतरवायचं, डोकं चालवायचं नाही, असा त्यांना हुकूम होता. काकांची चूक मी पोटात सांभाळली होती, ती संगणकानं तोंडपाठ केली. मला जिन्यापाशी ढकललं. माझ्या डोक्यावर चहाचे पेले आले, ओल्या छत्र्या आल्या. पण तक्रार करायला तोंड कुठं होतं मला?

परवा परवाची गोष्ट. स्त्री-अभ्यास विभागातली एक मुलगी यायला लागली. खांद्यावर भलीमोठी पिशवी, म्हणून ग्रंथालयाच्या कारकूनबाईंनी तिचं नाव पिशवीवाली ठेवलं. पिशवीतून वही काढायला जावं तर आधी बाळाचा मोजा निघायचा. खणासमोर उभी असताना ती नकळत डावी-उजवीकडे झुलायची; बाळ घरी आणि झुलणं इथं. सासूबाईंनी बजावलं होतं म्हणे, पोरगं झोपलंय तोवर जाऊन ये, उठलं की ते माझ्या बापाचंही ऐकणार नाही.

तिचा विषय तोच, धुलाईघरातल्या बायका. संगणकानं तिला ‘नोंद नाही’ असं तोंडावर सांगितलं होतं. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं, की या बायकांनी स्वतःबद्दल एक ओळही मागे ठेवली नाही. त्यामुळे त्यांचं म्हणणं एकच : सोमवारी त्या बायकांचा स्वतःचा एक तरी शब्द दाखव, नाहीतर विषय बदल. विषय बदलला तर वर्ष वाया जाणार, आणि घरी आणखी एक वर्ष मिळणार नव्हतं.

तिनं ‘स’चा खण ओढला, काकांचं कार्ड वाचलं आणि कारकूनबाईंना म्हणाली, “बाई, मी गृहशास्त्रात राहते म्हणे.”

“मग शेजारीच की आपण,” कारकूनबाई म्हणाल्या.

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. त्याच खणात, त्याच सळईत, तिच्या बोटांपासून वीतभर अलीकडे ‘सोडा आणि साबण’ होतं. पण पुस्तकाचं नावच ठाऊक नसेल तर त्या कार्डावर बोट थांबणार कसं? ‘कामगार’ झालं, ‘संघटना’ झालं, ‘रुग्णालये’ झालं. दोन वेण्यांची मुलगी गेली होती त्याच वाटेनं हीसुद्धा चालली होती आणि मी लाकडासारखी उभी होते. लाकडाचीच आहे, पण तरी.

शेवटी ती जिन्याच्या पायरीवर बसली. बोटांना मलम चोळायला लागली. बाळाचे कपडे धुऊन धुऊन बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. चोळता चोळता थांबली. हातांकडे बघत राहिली. मग स्वतःशीच पुटपुटली, “ज्यांना या बायका दिसल्याच नाहीत, त्यांना बायकांचं काय दिसलं असेल?”

ती उठली आणि ‘त’चा खण ओढला. ‘त्वचारोग’.

एका डॉक्टरांचा जुना ग्रंथ निघाला. तिनं त्यात हातांचं प्रकरण काढलं आणि वरचा मजकूर सोडून पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या टिपा वाचत गेली. अशाच एका तळटिपेत डॉक्टरांनी लिहिलं होतं, की सोड्यानं हात कसे सोलवटतात याचं वर्णन त्यांनी ‘सोडा आणि साबण’ या पुस्तकातल्या एका कामकरी बाईकडून घेतलं आहे.

ती जवळजवळ धावत माझ्याकडे आली. ‘स’. सळईवरची कार्डं फडफडली. सापडलं. विषय वाचून ती क्षणभर गोंधळली आणि मग साबणाच्या मांडणीकडे गेली. तिथंच जमिनीवर बसून तिनं पहिलं पान कारकूनबाईंना वाचून दाखवलं. “‘चादर बघून वॉर्डात काय झालं ते आम्हांला डॉक्टरांच्या आधी कळायचं. रडायचं तर वाफेत रडायचं, तिथं कुणाला दिसत नाही.’”

फोन वाजला. सासूबाई. पोरगं उठलं होतं. आले, आले, म्हणत तिनं पुस्तकात खुणेला बाळाचा मोजा घातला.

सोमवारी मॅडम स्वतः खाली आल्या. केस पांढरे, चाल ताठ. पिशवीवाली मागं उभी राहिली, आपलंच काही चुकलं असावं तशी. मॅडमनी ‘स’मधलं कार्ड वाचलं, मग ‘र’मधलं. खूप वेळ वाचत राहिल्या. चार शब्दांच्या कार्डाला तेवढा वेळ लागत नाही. मग त्यांनी खण बंद केला. कडीला हात न लावता, हाताच्या पालथ्या बाजूनं, हळूच.

मी ओळखलं. शेजारचा खण बाहेर आला. माझ्याकडून तेवढंच झालं.

“माझी आई त्या धुलाईघरात होती,” मॅडम म्हणाल्या. पिशवीवालीला हे ठाऊक नव्हतं. “मी इथून हात हलवत घरी गेले आणि तिला सांगितलं, तुमच्यातल्या कुणी काही लिहिलेलं नाही. ती म्हणाली, एक होती गं लिहिणारी, जेवणाच्या सुट्टीत लिहायची. मी म्हटलं, आई, तालिकेत नाही.”

“मग?”

“मग ती गप्प बसली. माझं शिक्षण झालं होतं ना.” त्यांनी माझ्यावर हात ठेवला. “पुन्हा कधी बोलली नाही त्याबद्दल. आता नाही ती.”

पिशवीवालीनं पिशवीत चाचपून पुस्तक त्यांच्या हातात दिलं, मोज्यासकट. मॅडम पायरीवर बसून वाचू लागल्या.

त्याच दुपारी त्यांनी कारकूनबाईंकडून एक कोरं कार्ड मागून घेतलं. सळई काढवली, आणि काकांच्या त्या कार्डामागे स्वतःच्या हातानं लिहिलेलं कार्ड ओवलं : ‘स्त्रिया : धुलाईघरातल्या’. संगणकातही बदल झाला म्हणतात. पण ज्या आईला मी खोटं पाडलं, तिच्यापर्यंत कुठलंही कार्ड पोचत नाही.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. माझ्यावर पेले ठेवलेत तरी चालेल, पण माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. एका शब्दाखाली सापडलं नाही तर दुसरा शब्द घ्या. कार्ड लिहिणाऱ्याला काय दिसलं असेल आणि काय दिसलं नसेल, ते विचारा. पुस्तकाच्या शेजारची पुस्तकं बघा, पानाच्या तळाशी वाका. आणि एवढं करूनही मी ‘नाही’ म्हणाले, तर घरी जाऊन आईला विचारा. ती ‘होती’ म्हणाली, तर परत या आणि माझे सगळे खण पुन्हा उघडा.