कोपरे जोडलेला कॅट

थांबा, लगेच पिसायला घेऊ नका. आज मी बोलतोय. मी पत्त्यांचा एक कॅट, बावन्न पानांचा. जोकर दोन होते, पण एक कपाटामागे पडला आणि दुसरा एका जाड पुस्तकात खूण म्हणून कायमचा राहायला गेला.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. एकाच मोठ्या तावावर माझी सगळी पानं शेजारी शेजारी छापली गेली. इस्पिकच्या राजाला टेकून चौकटची दुर्री होती आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. कागद तोच, शाई तीच, पाठीवरची निळी जाळी तीच. मग यंत्रानं आम्हाला कापलं, कोपरे गोल केले आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवलं.

मला विकत घेतलं एका पुस्तकबांधणी करणाऱ्यानं. त्याची सात वर्षांची लेक तापानं अंथरुणात होती आणि पडून राहायला तयार नव्हती. तिला घरात सगळे ‘घाई’ म्हणत. दूध उकळतं असतानाच ओठाला लावायची, बुटाच्या नाड्या न बांधताच पळायची. तिला गादीवर थांबवून धरणं हे माझं पहिलं काम. आम्ही बदाम सात खेळलो, गुलामचोर खेळलो. ताप उतरला तरी मी त्या घरात राहिलो.

तेव्हापासून मी माणसांचे हात पाहत आलोय. तुम्हाला तुमचीच एक सवय ठाऊक नसेल. नको असलेलं पान तुम्ही दोन बोटांत सैल धरता. एक्का किंवा राजा आला की मात्र कोपरा घट्ट दाबता, कुणी हिसकावून नेईल असा. चेहरा कितीही सरळ ठेवा, अंगठा कबुली देतो. म्हणून माझी मोठी पानं आधी झिजली. त्यांचे कोपरे फुटले, कागदाचे पदर सुटले.

घाईच्या बाबांना सुटलेला पदर बघवत नाही. त्यांनी एकेक पान घेऊन कोपऱ्यात खळ भरली, वर पातळ कागद चिकटवला, वजनाखाली दाबून ठेवला आणि निळी जाळी ब्रशनं पुन्हा काढली. वर्षाकाठी दोन-तीन पानं, अशी बरीच वर्षं. त्यांच्या कामात खोट नव्हती. भिंग लावलंत तरी जोड दिसला नसता. पण जोडलेलं पान किंचित जाड झालं. साधं पान टेबलावर सर्रकन जायचं, जोडलेलं जरा टप्पकन पडायचं. खळीनं राठ झालेल्या बाबांच्या बोटांना ते कधी जाणवलं नाही.

घाई मोठी झाली, पदवी घेतली, एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागली. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवून विचारायची, “आता बरं दिसतंय, की मघाशी?” एका जेवणाच्या सुट्टीत तिनं फोनवर पोकरचा सामना पाहिला आणि तिच्या डोक्यात दिवा लागला. खेळ सोपा आहे. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं, मधे एकेक करून उघडणारी पाच. आपली पानं चांगली वाटली तर बोली वाढवायची, नाही तर पानं टाकून बाजूला व्हायचं. अवघड आहे ते कधी काय करायचं हे ठरवणं.

“शेवटी जुगारच ना?” बाबांनी विचारलं.

“नाही, बाबा! जुगारात माणूस नशिबाकडे बघत बसतो. इथे स्वतःकडे बघायचं असतं. आपण घाबरून खेळतोय की विचार करून, ते.”

“मग आरसा घे. स्वस्त पडेल.”

तरी बाबा खेळायला बसले. अट एकच, घरात पैसे लावायचे नाहीत. आत्यानं आपला बटणांचा डबा आणला. मोठं बटण म्हणजे दहा छोटी. रविवारी दुपारी जेवणं उरकली की चौघांची बैठक भरायची: घाई, बाबा, आत्या आणि शेजारचे कंपाउंडर काका. आत्या शस्त्रक्रियेच्या खोलीत तीस वर्षं नर्स होती, नाकावर माशी बसली तरी चेहरा हलायचा नाही. काका चांगली पानं आली की गुणगुणायचे आणि कितीही ठरवलं तरी ते त्यांना आवरायचं नाही.

पानं वाटायची घाईच. दुसऱ्या कुणी वाटली की तिला उशीर व्हायचा.

आणि ती जिंकायची. दर रविवारी, दोन वर्षं.

“आत्या, राजा आहे तुझ्याकडे.”

“कशावरून गं?”

“चेहऱ्यावरून.”

“ह्या चेहऱ्यावरून डॉक्टरांना तीस वर्षांत काही कळलं नाही!” असं म्हणून आत्या राजा उघडायची.

सगळे म्हणायचे, घाईला माणसं वाचता येतात. तीही तेच म्हणायला लागली. खोटं ती बोलत नव्हती. तिला खरंच वाटायचं की समोरच्याचे डोळे तिला सांगतात. सांगत होतो मी! लहानपणापासून मला हाताळलेली तिची बोटं ते टप्प आणि ते सर्र ओळखत होती आणि तिला न विचारता तिच्या कानात सांगत होती. मी पाठीवरची जाळी घट्ट धरून पडून राहायचो. ओरडावंसं वाटायचं, पण पत्त्याला तोंड असून काय उपयोग? ते एकाच बाजूला असतं आणि बहुतेक वेळ टेबलाकडे असतं.

एका शनिवारी तिनं माझ्या खोक्यात एक घडी घातलेला कागद सरकवला. दुकानाचा राजीनामा. शहरातल्या क्लबात दर शनिवारी स्पर्धा व्हायच्या आणि तिला नुसतं जाऊन यायचं नव्हतं, पूर्ण वेळ पोकर खेळायचा होता. दुकानाच्या मालकीणबाईंकडे तिच्या जागेसाठी दुसरी मुलगी आधीच चकरा मारत होती. जागा सोडली की गेली.

“सहा महिने नुसतं शनिवारचं खेळून बघ ना,” बाबा म्हणाले.

“अर्ध्या मनानं काही होत नाही, बाबा. दोन वर्षं जिंकतेय मी. अजून काय पुरावा हवा? सोमवारी देऊन टाकते.”

तो पुरावा म्हणजे मी होतो. माझ्याच पोटात तो कागद, आणि खोटी साक्षही माझीच. क्लबात पानं वाटायला वेगळा माणूस असतो, कॅट प्लास्टिकचा, कोरा. ती पहिल्याच दिवशी आंधळी होणार होती आणि हातात नोकरीही उरली नसती.

आला रविवार. घाईनं नवा प्लास्टिकचा कॅट आणला. “क्लबात असेच असतात. आज हाताला सवय करून घेते.” मला खोक्यासकट टेबलाच्या कडेला ठेवलं. इतका आनंद मला छापून बाहेर पडतानाही झाला नव्हता.

पहिला डाव ती हरली. दुसरा हरली. तिसऱ्यात तिनं काकांच्या डोळ्यांत रोखून पाहिलं आणि अर्धी बटणं पुढे सरकवली. “काका, तुमच्याकडे काही नाही.”

काकांनी दोन एक्के उघडले. “आहेत की गं बाई. गुणगुणलो नाही एवढंच. घसा बसलाय सकाळपासून.”

तासाभरात तिच्यापुढे एक शर्टाचं बटण उरलं, तेही तुटकं. कुणी हसलं नाही. आत्यानं पाण्याचा पेला पुढे केला. घाईनं तो तसाच ठेवला आणि रागानं मला खोक्यातून बाहेर काढलं, आपलं काहीतरी हवं म्हणून. राजीनामा माझ्याबरोबर बाहेर पडला. तिनं मला पिसलं आणि एकटीच टेबलावर पानं टाकू लागली. टप्प. सर्र. सर्र. टप्प.

तिचा हात थांबला.

“बाबा, माझे डोळे बांधा.”

“काय झालंय तुला?”

“बांधा ना! मी पान टाकते आणि सांगते, तुम्ही उलटून बघा.”

आत्यानं ओढणी घेतली आणि जखमेची पट्टी बांधावी तशी बांधली. घाई पानं टाकत गेली. “मोठं.” राणी. “लहान.” चव्वी. “लहान.” नव्वी. “मोठं. मोठं.” गुलाम, एक्का. काका तोंडाचा आ करून बघत होते. तिसापर्यंत एकही चूक नाही.

“मोठं,” ती म्हणाली.

बाबांनी उलटलं. बदामची सत्ती.

“चुकली!” काकांनी टाळी वाजवली. “नशीब, नाहीतर मला भीती वाटायला लागली होती.”

बाबा मात्र टाळी वाजवत नव्हते. त्यांनी सत्ती हातात घेतली, खिडकीशी नेली, अंगठ्याचं नख कोपऱ्यावरून फिरवलं. “ही पण मीच जोडली होती,” ते हळूच म्हणाले. “बदाम सातमधे हिच्यापासून डाव सुरू होतो ना. तापात तू ही मुठीत धरून झोपायचीस. कोपरा पार गेला होता.”

घाईनं ओढणी वर सरकवली. “आणि राजे, राण्या?”

“ते पण. एक्के, गुलाम, सगळे. झिजलेले तेवढे जोडले. पण डोळ्याला दिसणार नाही असं काम केलंय गं.”

“मी डोळ्यांनी कुठे ओळखत होते, बाबा?”

मला वाटलं, ती मला खिडकीबाहेर फेकणार. तिचे डोळे भरले. मग तिची नजर राजीनाम्याच्या कागदावर गेली आणि ती हसायला लागली. खांदे सैल सोडून, खुर्चीत मागे रेलून.

“उद्या दिला असता! बाबा, उद्या देऊन टाकला असता मी!” मग तिनं ओढणी डोक्यावरून काढली. “दोन वर्षं तुम्हाला सगळ्यांना फसवलं मी.”

“ठाऊकच नाही ती कसली फसवणूक?” आत्या म्हणाली आणि डबा पुढे केला. “पण बटणं परत कर हो.”

काय सांगू, त्या क्षणी माझी बावन्न पानं कशी हलकी झाली! जोडलेली सतरासुद्धा.

सोमवारी तिनं मालकीणबाईंकडे राजीनाम्याऐवजी शनिवारच्या दुपारच्या सुट्ट्या मागितल्या. त्या म्हणाल्या, “रविवारी सकाळी येशील ना? मग जा.” खरी सुरुवात त्यानंतर झाली. पहिले पाच शनिवार ती क्लबातून तासाभरात परत आली. मग तिनं एक वही केली. तीत जिंकल्या-हरल्याचा हिशोब नाही, फक्त कुठलं पान का ठेवलं आणि का टाकलं, ते. घाई थांबायला शिकत होती. वीस वर्षांपूर्वी तापानं आणि मी मिळून जे जमवलं नव्हतं, ते त्या वहीनं जमवलं.

गेल्या शनिवारी ती दार उघडताच ओरडली, “बाबा! माझ्याकडे दोन राजे होते आणि मी टाकून दिले! समोरच्या आजींकडे एक्के होते. त्यांनी नंतर दाखवले.”

“म्हणजे जिंकलीस?”

“छे, नववी आले.”

“मग एवढी खूश कशानं?”

“मला कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः ठरवलं.”

आणि मी? बाबांनी माझ्यावर तीन आठवडे काम केलं. उरलेली पस्तीस पानंही जोडून काढली, अगदी दुर्रीसुद्धा. आता माझं प्रत्येक पान टप्पकन पडतं. तावावर होतो तसे आम्ही पुन्हा सारखे झालो. फक्त इतका जाडजूड झालोय की खोक्याचं झाकण लागत नाही आणि राजीनाम्याला आत जागाच उरलेली नाही. तो आता तिच्या वहीत असतो. तिनं फाडलेला नाही, वरची तारीख तेवढी खोडून टाकली आहे. ज्या दिवशी तारीख पडेल त्या दिवशी ती खरी असेल.

एकच मागणं आहे. तुम्हीही कुठे सतत जिंकत असाल, तर एकदा दुसऱ्याच्या पानांनी खेळून बघा. हरलात तर हरलात. मोकळं वाटतं हो, मी पाहिलंय.

झालं माझं बोलून. आता खुशाल पिसा.