आईची बोली भोपळ्यालाच कळते

हसू नका, मी एक भोपळाच बोलतोय. कोरियातल्या जेजू बेटावरच्या ओक-सुनच्या छपरावर मी वाढलो. तिने मला वाळवलं, आतल्या बिया काढल्या, भोक घट्ट बुजवलं आणि खाली जाळी बांधून समुद्रात नेलं. ती तळाशी बुडी मारून शिंपले काढायची आणि वर आली की माझ्यावर छाती टेकून शीळ घातल्यासारखा लांब श्वास सोडायची.

पाण्यातून निघाल्या की सगळ्या पाणबुड्या बायका किनाऱ्यावरच्या दगडी आडोशात शेकोटीभोवती बसायच्या. त्यांची बोली मी तिथेच शिकलो.

ओक-सुन सांगायची, "आधी माणसांकडे बोलणं नव्हतंच. नुसती श्वासाची शीळ. मग एकदा एक बाई वर आलीच नाही. तिच्या बहिणीने जी हाक मारली ना, तो पहिला शब्द."

"मग एवढ्या भाषा कशा झाल्या गं?" कुणीतरी विचारायची.

"प्रत्येक किनाऱ्यावर वेगळी बाई बुडाली. ज्याचं जे हरवलं, त्याने त्याचा शब्द केला."

शेजारची दोक-ह्वा लगेच टोमणा मारायची, "डोंगरापलीकडच्या बायका केवढ्या बडबडतात! त्यांचं काय अख्खं गावच बुडालं होतं की काय?"

सगळ्या खो खो हसायच्या. मला मात्र ओक-सुनचं म्हणणं पटायचं. पाण्याखालच्या एकेका खडकाला त्या बायकांनी नाव दिलं होतं, आणि बहुतेक नावांमागे कुणी ना कुणी गेलेलं होतं.

ओक-सुनला एकच मुलगी, ह्ये-रान. पोरीने पाण्यात उतरू नये, शिकून राजधानीत, सोलला जावं, एवढाच आईचा ध्यास. शाळेत बेटाच्या बोलीला हसायचे. एके दिवशी लहानगी ह्ये-रान धावत घरी आली आणि आनंदाच्या भरात त्याच बोलीत काहीतरी सांगायला लागली. ओक-सुनने फाडकन मुस्काटात मारली.

"ही पाण्यात मरणाऱ्यांची बोली आहे! पुन्हा तोंडातून काढलीस तर याद राख!"

तेव्हापासून आई लेकीशी सोलच्या भाषेत बोलायची, तीही मोडकीतोडकी. सगळं मायेपोटीच केलं हो, पण केलं. पोर शिकली, सोलला गेली, बेटाची बोली विसरूनही गेली. फोनवर दोघींचं बोलणं दोन वाक्यांत संपायचं. "जेवलीस का?" "बरी आहेस ना?" त्यापुढचे शब्द दोघींकडे नव्हतेच.

पुढे भोपळ्यांच्या जागी फोमचे तरंगे आले आणि मला आतल्या खोलीत खिळ्याला टांगलं. तिथून मी सगळं पाहतोय.

गेल्या महिन्यात ओक-सुनला पक्षाघाताचा झटका आला. कष्टाने शिकलेली सोलची भाषा पार पुसली गेली. उरली ती शेकोटीची बोली. ह्ये-रान धावत आली. आई दिवसभर तेच तेच बोलत होती आणि लेक कधी पाणी देत होती, कधी उशी सारखी करत होती.

"आई, नीट सांग ना गं! मला एक अक्षर कळत नाहीये!" असं म्हणून ती ढसाढसा रडली.

शेवटी तिने शेकोटीतल्या बायकांपैकी एकटीच उरलेल्या दोक-ह्वाला हाताला धरून आणलं. पण साठ वर्षांच्या बुड्यांनी दोक-ह्वाचे कान गेलेले. म्हातारी वाकून ओठ बघायला लागली, तर झटक्याने ओक-सुनचे ओठच वाकडे झालेले.

"काही कळत नाही गं पोरी," ती म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

मला कळत होतं. ओक-सुन म्हणत होती, "तुला मारलं मी. तुझं तोंड मीच बंद केलं. अजून राग आहे का गं तुझ्या मनात?"

काल दुपारी तिने लेकीचा हात घट्ट धरला आणि पुन्हा तेच विचारलं. ह्ये-रान थकली होती. आईला बरं वाटावं म्हणून ती हसली, मान डोलावली आणि म्हणाली, "हो आई, हो."

ओक-सुनने लेकीचा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती बोललेली नाही.

मला तोंड नाही. तुमच्यात कुणाला ही बोली येत असेल तर आत्ताच्या आत्ता या हो. तिला एवढंच सांगा, पोरीला कळलं नव्हतं. ओक-सुनचे डोळे अजून उघडे आहेत.